तक्त्यात राहून गेलेला रकाना

अनेक आशीर्वाद.

जर्मनीत मेकॅनिकलच्या मास्टर्सला कोणत्या गावी जावं, हे विचारणारं तुझं पत्र आणि सोबतचा तक्ता मिळाला. तीन रांगा: म्युनिक, स्टुटगार्ट, माग्डेबुर्ग. रकाने अकरा. जागतिक क्रमवारी आहे, फी आहे, हवामान आहे, विमानतळ किती लांब तेही आहे. आणि खाली तुझा प्रश्न, 'यातलं माझ्यासाठी गाव कोणतं?' पण रात्री पाठ कुठे टेकणार आणि त्या जागेला दरमहा किती मोजणार, हा रकाना अकरांत नाही. तो बारावा रकाना आधी भर. बाकीचे अकरा त्यानंतर उघड.

'जागा काय, तिकडे गेल्यावर मिळेलच,' असं बाबा म्हणतात, हे तू लिहिलंस. त्यांच्या डोक्यात पुणं आहे. दोन दिवस मावशीकडे उतरायचं, एजंटला फोन लावायचा, तिसऱ्या दिवशी पेठेत कॉट बेसिसवर जागा. जर्मनीत ही युक्ती चालत नाही, कारण तिथली सगळी कागदपत्रं खोलीवर टांगलेली असतात. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा असतो, त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. हॉटेल किंवा हॉस्टेल सहसा तो देत नाही. पत्ता नोंदवला नाही तर कर क्रमांकाचं पत्र येणार कुठे? तो क्रमांक नसला की नियमित कामाच्या पगारातून सर्वांत चढ्या दराने कर कापला जातो. परदेशी नागरिकांच्या कार्यालयात निवास परवान्यासाठी जाशील तिथेही आधी पत्ताच विचारतील. खोली नाही म्हणजे नुसतं छप्पर नाही असं नव्हे, पुढचा एकही कागद हलत नाही.

आता बेरीज करू, तुझ्याच तक्त्याच्या कोऱ्या जागेत.

व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढू देणाऱ्या खात्यात, सध्या ११,९०४ युरो भरावे लागतात. त्यातून महिन्याला ९९२ सुटतात. विद्यार्थ्यांचा सरकारी आरोग्य विमा साधारण १५० घेतो. सेमिस्टर तिकीट, ज्यावर देशभरातल्या लोकल आणि रिजनल गाड्या चालतात पण वेगवान आयसीई चालत नाही, ते महिन्याला ३८ च्या आसपास धर.

म्युनिकमध्ये डब्ल्यूजीतली, म्हणजे काही जणांच्या सामायिक घरातली, एक खोली ८०० च्या घरात जाते. ८०० आणि १५० मिळून ९५०, त्यात तिकिटाचे ३८. उरले चार युरो. महिनाभराच्या जेवणाला. आणि यात तांत्रिक विद्यापीठाची फी धरलेलीच नाही. युरोपीय संघाबाहेरच्या नव्या विद्यार्थ्यांना ती २०२४ च्या हिवाळी सत्रापासून लागू झाली. मास्टर्सला विषयानुसार सेमिस्टरला दोन हजारांपासून सहा हजारांपर्यंत, बहुतेक ठिकाणी चार किंवा सहा. ब्लॉक्ड अकाउंटचे पैसे जगण्यासाठी असतात, फीची तजवीज वेगळी.

स्टुटगार्टचं बघ. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात २०१७ पासून तुझ्यासारख्यांना सेमिस्टरला १५०० ची फी आहे, म्हणजे महिन्याला २५०. ही फी लहान, म्हणून इथे महिन्याच्याच हिशेबात धरू. खाजगी खोली साडेपाचशेच्या आसपास. ५५०, २५० आणि १५० मिळून पुन्हा ९५०. गंमत आहे की नाही, नावं वेगळी आणि भोक तेवढंच. पण फायहिंगेनच्या कॅम्पसशेजारी विद्यार्थी वसाहती आहेत. तिथे साडेतीनशेत खोली मिळाली तर जेवणाला दोनशे उरतात आणि वर्गात चालत जाता येतं. तेच स्टुटगार्ट, तीच पदवी. फरक पडला तो खोलीने. म्हणून म्हणतो, आधी खोली.

माग्डेबुर्गला ट्यूशन फी नाही, फक्त सेमिस्टरची वर्गणी. खोली ३७५ धरली तरी विमा आणि तिकीट जाऊन चारशेच्या वर हातात राहतात. कॅम्पस गावाच्या मध्याला लागून आहे. वर्ग, मेन्झा म्हणजे विद्यापीठाची खानावळ, ग्रंथालय सगळं पायाखालचं. बर्लिन रिजनल गाडीने पावणेदोन तासांवर, तुझ्याच सेमिस्टर तिकिटावर. ज्या ओटो फोन गेरिकेचे हवेच्या दाबाच्या प्रयोगातले ते दोन अर्धगोल आणि ओढणारे घोडे तू शाळेच्या पुस्तकात पाहिलेस, तो या गावचा महापौर होता. तक्त्यात तू या गावापुढे 'कुणी ऐकलेलं नाही' असा शेरा मारला आहेस. कुणी म्हणजे कोण? तुमच्या सोसायटीतल्या लोकांनी?

जरा चिडून लिहिलं, सोड. पण क्रमवारीला मान देऊन मीही पूर्वी मुलांना सल्ले दिले आहेत आणि त्याची चुटपुट अजून जात नाही. मोठ्या नावाच्या विद्यापीठात तू नापास होत नाहीस, नापास होतेस ती दीड तासाच्या प्रवासात आणि गोदामातल्या रात्रपाळीत. तिकडे बहुतेक ठिकाणी एका विषयाच्या परीक्षेला तीनच संधी असतात. तिसरी गेली की नाव कमी होतं आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीत दुसरीकडेही बहुधा पुढे चालू ठेवता येत नाही. घरभाड्यासाठी रात्रपाळी करणाऱ्या मुलीला ही तिसरी संधी फार लवकर दिसू लागते.

'पार्टटाइम करून भागवीन' हे वाक्य तुझ्या पत्रात दोनदा आलंय. वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, खरंय. विद्यापीठातलंच काम, ज्याला तिकडे 'हिवी' म्हणतात, या दिवसांत मोजलं जात नाही, म्हणून ते सर्वांत चांगलं. पण ते पहिल्या सेमिस्टरला क्वचितच मिळतं, कारण प्राध्यापक तुला ओळखत नसतात. कंपनीतलं वर्किंग स्टुडंटचं काम स्टुटगार्टला भरपूर, बॉश आणि मर्सिडीझ तिथलेच. फक्त मुलाखत बहुधा जर्मनमध्ये होते आणि तुझं जर्मन ए-टू या प्राथमिक पायरीवर अडलंय. माग्डेबुर्गला कंपन्या कमी, पण फ्राउनहोफर आणि माक्स प्लांक या दोन्ही संशोधन संस्थांची केंद्रं गावात आहेत. पहिले सहा महिने कमाई शून्य धरूनच हिशेब मांड.

तू म्हणशील, हे भित्र्या माणसाचे सल्ले. असतील. म्युनिकला जाऊच नकोस असं मी म्हणत नाही. विद्यार्थी वसाहतीतल्या खोलीचं पत्र हातात असेल आणि फीची तजवीज झाली असेल तर डोळे मिटून जा. पण तिथल्या वसाहतींची प्रतीक्षायादी कित्येक सेमिस्टरांची असते, आणि मेकॅनिकलचे वर्ग शहरात भरत नाहीत, गार्शिंगला भरतात, भुयारी रेल्वेच्या यू-सिक्स मार्गाच्या शेवटच्या टोकाला. म्युनिक म्हणून जे फोटो तू पाहतेस त्यात गार्शिंग नसतं.

आता काम सांगतो.

तिन्ही गावांच्या श्टुडिएरेंडनवेर्कच्या, म्हणजे वसाहती आणि मेन्झा चालवणाऱ्या संस्थेच्या, संकेतस्थळावर याच आठवड्यात अर्ज टाक. काही ठिकाणी प्रवेशपत्र हाती येण्याआधीही अर्ज घेतात. एकाच इमारतीचा हट्ट धरू नको, सगळ्या पर्यायांवर खूण कर. यादीत नाव टिकवण्यासाठी काही ठिकाणी ठरावीक मुदतीने 'अजून हवी आहे' असं कळवावं लागतं. तो मेल स्पॅममध्ये जातो आणि मुलं यादीतून उडतात. कॅलेंडरवर लिहून ठेव.

सोबत खाजगी खोल्या बघायला लाग. जाहिरातीतलं भाडं 'काल्ट' आहे की 'वार्म' ते आधी पाहा. काल्ट म्हणजे नुसती जागा; वार्ममध्ये हीटिंग, पाणी, कचरा येतं, वीज आणि इंटरनेट कधी येतं कधी नाही. घरटी महिन्याला १८.३६ युरोची रेडिओ-टीव्ही वर्गणी वेगळी, तुझ्याकडे रेडिओ असो वा नसो. 'मोब्लिएर्ट', म्हणजे फर्निचरसह, असं लिहिलं नसेल तर खोलीत पलंगही नसेल, आणि आख्खा फ्लॅट घेतलास तर ओटा, सिंक, शेगडीसकट स्वयंपाकघरच नसेल. हे मी अतिशयोक्ती करून लिहीत नाही. अनामत काल्ट भाड्याच्या तिपटीहून जास्त मागता येत नाही आणि ती तीन हप्त्यांत देण्याचा हक्क तुला कायद्याने आहे.

पहिल्या दोन-तीन महिन्यांसाठी कुणी गावाला गेलेल्याची खोली मिळते, त्याला 'त्सविशेनमिटे' म्हणतात. लांबून शोधणाऱ्याला हा मार्ग बरा. पहिल्याच मेलमध्ये विचार: इथे पत्त्याची नोंदणी करता येईल का? 'नाही' आलं तर खोली कितीही गोड असो, पुढे चल. मेल जर्मनमध्ये लिही, आठ ओळींत, जाहिरातीतली एखादी खास गोष्ट उचलून. एकच मजकूर चाळीस जणांना पाठवला की ते ओळखतात. व्हिडिओ कॉलवर घर दाखवायला सांग. मालक 'मी सध्या लंडनला आहे, पैसे पाठवा, चावी कुरिअरने येईल' म्हणाला की तो मालक नाही.

एक अडचण कुणी सांगत नाही. सत्र १ ऑक्टोबरला सुरू होतं, वर्ग ऑक्टोबरच्या मध्याला. व्हिसा रखडला आणि तू नोव्हेंबरात पोचलीस तरी भाडं करार सुरू झाल्या दिवसापासून चालू. म्हणून सही करण्याआधी करार एक महिना पुढे नेता येतो का, हे लेखी विचार. वसाहतवाले कधी कधी ऐकतात.

गाव जोखायचं असेल तर नकाशावर जोख. खोली, वर्गाची इमारत आणि जवळचं आल्डी किंवा लिडल म्हणजे स्वस्त किराणा दुकान, या तीन ठिकाणांवर टाचण्या लाव. मग रेल्वेच्या ॲपमध्ये मंगळवारी सकाळी साडेसात आणि शनिवारी रात्री अकरा, अशा दोन वेळा टाकून प्रवास शोध. डिसेंबरात माग्डेबुर्गला चारच्या सुमारास सूर्य मावळतो. रविवारी दुकानं बंद, मेन्झा बहुधा शनिवार-रविवार बंद, आणि मेसचा डबा तिकडे नाही. त्या अंधारात स्टॉपवर चाळीस मिनिटं बसची वाट पाहायची की सात मिनिटं चालत घरी जाऊन कुकर लावायचा, हे खोली ठरवते. क्लाउस्थाल हे तुझ्या तक्त्यात नसलेलं आणखी एक विद्यापीठाचं गाव, तिथे तर रेल्वेच नाही, गोस्लारहून डोंगरात बस जाते. ज्याला जंगल आवडतं तो तिथे सुखात राहतो, तुझ्यासारखी बडबडी पहिल्या हिवाळ्यातच कंटाळेल.

गावात मराठी माणसं आहेत का, गणपती बसतो का, हा तुझा नववा रकाना. मोठ्या शहरांत बसतो. वर्षातून एकदा रिजनल गाडीने जाऊन मोदक खाऊन येता येतं, त्यासाठी तिथे भाडं भरायची गरज नाही.

तक्ता नव्याने करून पाठव. बारावा रकाना पहिल्या जागी हवा, आणि त्यात अंदाज नको. प्रत्येक गावापुढे कुठे अर्ज केला, कोणत्या तारखेला, यादीत कितवा नंबर, वार्म भाडं किती, एवढंच. खोलीचं पहिलं पत्र ज्या गावातून येईल त्याबद्दल मग बोलू.

ता. क. कराराचा मसुदा आला की सही करण्याआधी मला पाठव. नोटिशीचा कालावधी आणि अनामत परत करण्याची अट, ही दोन कलमं मी आधी वाचतो. जर्मनमध्ये असला तरी चालेल.