गावची जुनी चावडी रिकामी पडली आहे. पाडावी की तिचा दुसरा काही उपयोग करावा? मालकी कोणाची असते?

“चावडीचं मूळ काम संपलं, आता ठेवून काय करायचं” हा विचार तुमच्या प्रश्नामागे दिसतो. आमच्या ग्रामसभेत माझे चुलते अगदी हेच म्हणाले होते, म्हणून राहवलं नाही.

चावडीला मूळ असं एकच काम कधी नव्हतं. पाटील-कुलकर्णी तिथे वसूल घेत, दप्तर तिथे, तंटे तिथे, फिरतीवरच्या अंमलदाराचा मुक्कामही तिथेच. 1950 च्या कायद्याने कुलकर्णी वतन गेलं, 1962 च्या कायद्याने महसुली पाटीलकी गेली. चावडी राहिली, तिच्यात तलाठी बसायला लागला. आमच्याकडे आतल्या खोलीत ग्रामपंचायत, ओसरीवर बालवाडी आणि निवडणुकीत मतदान केंद्र. दाराला फेरफाराची नोटीस चिकटवलेली, खाली पोरांची गाणी.

चुलत्यांचा मुद्दा कायद्याचा होता: गावात चावडी नसेल तर जिल्हाधिकारी ठरवतील ती जागा चावडी धरावी, असं 1966 च्या जमीन महसूल संहितेत आहे, मग इमारत कशाला ठेवायची? बरोबर आहे, पण ते नोटीस लावण्यासारख्या महसुली कामापुरतं. गावाने बसायचं कुठे, हे त्यात नाही.

आमची चावडी म्हातारपणामुळे खचली नव्हती. पंचायत नव्या इमारतीत गेली, कुलूप लागलं आणि पावसाळ्याआधी कौलं चाळणं (फुटकी बदलून नीट लावणं) बंद झालं. मग ठेकेदाराने मातीच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा केला. ओल आतच कोंडली आणि भिंत पायथ्याशी फुगली. तीच फुगलेली भिंत दाखवून चुलते म्हणाले, पाडा. आम्ही भांडून सिमेंट काढायला लावलं, चुन्याचा गिलावा केला. मागची खोली वाचली नाही. पुढच्या भागात आता स्पर्धा परीक्षेच्या मुलांची अभ्यासिका आहे, ओसरीवर बचत गट बसतो. चुलते अजून पायरी चढलेले नाहीत.

मालकीसाठी ग्रामपंचायतीचा नमुना 8 (घरपट्टी आकारणीची नोंदवही) बघा, तहसीलमध्येही विचारा. काही ठिकाणी चावडी महसूल खात्याकडे असते. आणि हो, तुळया वाकल्या असतील, खांबांना वाळवी असेल, तर आधी इंजिनिअरला दाखवा, तोवर मुलांना आत सोडू नका.

पाडू नका, हे माझं मत. ठरावात मात्र नुसतं “जतन करावे” लिहू नका. किल्ली कोणाकडे, कौलं कोण चाळणार, वीजबिल कोण भरणार, हे नावानिशी लिहून घ्या. आमच्या चुलत्यांनी शेवटपर्यंत अडवून धरलेलं कलम तेच होतं.