तरंगत्या लाकडी फ्लोअरिंगवर थेट टाइल्स बसवता येतील का?

बसवू नयेत. असे फ्लोअरिंग खालच्या जमिनीला खिळ्यांनी किंवा गोंदाने जोडलेले नसते. एकमेकींत अडकवलेल्या त्याच्या फळ्या फोमच्या पातळ थरावर नुसत्या टेकलेल्या असतात आणि हवेतील दमटपणानुसार फुगतात व आकसतात, म्हणूनच भिंतीलगत साधारण 8 ते 10 मिलिमीटर फट मोकळी सोडून ती स्कर्टिंगखाली झाकलेली असते. पाय पडताच किंचित दबणाऱ्या अशा पृष्ठभागावर टाइल चिकटवली, तर आधी सांध्यांतील ग्राउटला केसासारख्या चिरा पडतात, मग टाइल पोकळ वाजू लागते आणि शेवटी सुटते किंवा तडकते. वरून सिमेंट बोर्ड स्क्रूने ठोकणे हाही उपाय नव्हे, कारण त्यामुळे फळ्यांची हालचाल अडते आणि त्या फुगून वर उचलल्या जातात.

फ्लोअरिंग आणि फोम दोन्ही काढावेत. फळ्या जपून सोडवल्यास बहुधा पुन्हा वापरता येतात. खाली काँक्रीट असेल, तर ते कोरडे, स्वच्छ व समतल करून टाइल अ‍ॅडेसिव्हवर काम करावे. प्लायवूड असेल, तर त्याची लवचीकता आधी तपासावी आणि मगच त्यावर सिमेंट बोर्ड बसवावा.