बीटा पेशींचा डेटा हाती घेताना

जळगावात एमएस्सीसाठी तू मधुमेहातल्या बीटा पेशी, म्हणजे स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी, हा विषय घेतलास, मनापासून बरं वाटलं. आपल्या खानदेशात शुगरची गोळी घेणारं कुणी ना कुणी प्रत्येकाच्या नात्यात असतंच.

मोठी लॅब नाही म्हणून अडून राहू नकोस. जीईओ या सार्वजनिक संग्रहात मानवी दात्यांच्या स्वादुपिंडातल्या बेटांचा, म्हणजे बीटा आणि इतर हार्मोन बनवणाऱ्या पेशींच्या पुंजक्यांचा, डेटा फुकट मिळतो. पण पहिल्याच आलेखावर भाळू नकोस. अख्ख्या बेटांच्या नमुन्यात इन्सुलिनचा आरएनए (जनुकाकडून इन्सुलिन बनवण्याचा निरोप नेणारा रेणू) कमी दिसला, तर प्रत्येक बीटा पेशी कमी बनवतेय की बीटा पेशीच कमी उरल्यात? कळण्याच्या भाकरीचं पीठ नुसतं बघून ज्वारी किती, उडीद किती हे सांगता येत नाही, तसंच हे. म्हणून एकेका पेशीचं सिक्वेन्सिंग, म्हणजे प्रत्येक पेशीतला आरएनए वेगवेगळा वाचलेला डेटा, बघ.

तिथेही एक फसगत आहे. बीटा पेशींत इन्सुलिनचा आरएनए इतका भरमसाट असतो, की फुटलेल्या पेशींतून सांडलेला आरएनए शेजारच्या, ग्लुकॅगॉन हे हार्मोन बनवणाऱ्या अल्फा पेशींच्या खात्यातही दिसतो. तो आधी वजा कर.

मग मॅफए, पीडीएक्स१ ही बीटा पेशीची ओळख टिकवणारी जनुकं तपास. २०१२ साली उंदरांवरच्या कामात दिसलं, की ताणाखालच्या बऱ्याच बीटा पेशी मरत नाहीत, ओळख गमावतात. मला हे फार आशादायक वाटतं. ओळख परत आणता येऊ शकते.

आणि हो, एका दात्याच्या हजार पेशी म्हणजे हजार माणसं नव्हेत. मधुमेह असलेल्या आणि नसलेल्यांची तुलना दात्यागणिक कर. वय, वजन, लिंग जुळवून घे.