वाचकांचे प्रश्न : दोष टेपचा की ड्राइव्हचा?

प्रश्न : आमची पतसंस्था सांगलीच्या मार्केट यार्ड परिसरात आहे. २०१० च्या सुमारास घेतलेल्या एलटीओ-४ (एलटीओ या बॅकअप-टेपांच्या मालिकेतील चौथी पिढी) टेप ड्राइव्हवर आम्ही रोज रात्री खात्यांचा बॅकअप घेतो. गेल्या पावसाळ्यापासून बॅकअप मध्येच थांबतो आणि 'राइट एरर' (लिहिताना चूक) दिसते. क्लीनिंग टेप फिरवली की थोडे दिवस बरे जातात, मग सफाईचा दिवा पुन्हा लागतो. २०१९ च्या महापुरात वरच्या मजल्यावर हलवून वाचवलेल्या जुन्या टेपांपैकी एक आता वाचलीच जात नाही. दुरुस्तीसाठी आलेल्या तंत्रज्ञाने नवीन पिढीचा ड्राइव्ह घेण्याचा सल्ला दिला आहे. दोष नेमका कशात आहे, हे कसे ओळखावे?
— पतसंस्थेतील एक कर्मचारी, सांगली

उत्तर : सर्वप्रथम एक विनंती. निदान होईपर्यंत जुन्या, एकुलती एक प्रत असलेल्या टेपा या ड्राइव्हमध्ये घालू नका. कडा दुमडलेली किंवा चुरा सोडणारी टेप ड्राइव्हचे हेड (टेपवर लिहिणारा-वाचणारा भाग) खराब करते, आणि बिघडलेला ड्राइव्ह पुढे येणाऱ्या चांगल्या टेपांच्या कडा खराब करतो. त्यामुळे 'ही चालते का पाहू, ती चालते का पाहू' असे करत गेल्यास एका टेपचा दोष पाहता पाहता संपूर्ण संचात पसरू शकतो.

निदानाचा पाया अदलाबदल हाच आहे. एक कोरी, नव्याने घेतलेली टेप तुमच्या ड्राइव्हमध्ये लिहून आणि परत वाचून पाहा. आणि अडलेली टेप दुसऱ्या, चालू स्थितीतल्या ड्राइव्हमध्ये वाचून पाहा. (दुसरा ड्राइव्ह ज्याचा असेल, त्याला टेप संशयास्पद असल्याचे आधी सांगावे आणि टेपची बाहेरून तपासणी करूनच ती घालावी.) एकच टेप कोणत्याही ड्राइव्हमध्ये साधारण त्याच जागी अडत असेल तर दोष टेपचा. अनेक चांगल्या टेपा तुमच्याच ड्राइव्हमध्ये, वेगवेगळ्या जागी अडत असतील तर दोष ड्राइव्हचा. आणि संगणकाला ड्राइव्ह मधूनच दिसेनासा होत असेल, किंवा नोंदींमध्ये टाइमआउट आणि रीसेट असे शब्द वारंवार येत असतील, तर ड्राइव्ह उघडण्यापूर्वी केबल, जोडकार्ड आणि वीजपुरवठा तपासावा. सॅस जोडणीत सैल बसलेला कनेक्टर आणि जुन्या स्कझी जोडणीत (सॅस व स्कझी या ड्राइव्ह संगणकाला जोडण्याच्या दोन पद्धती) शेवटचा टर्मिनेटर, म्हणजे टोकाला लावायचा तुकडा, नसणे, ही दोन कारणे मी पुष्कळदा पाहिली आहेत. ड्राइव्ह रेड कार्डाला (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डाला) जोडलेला असेल तर तो साध्या जोडकार्डाला लावावा, कारण बहुतेक रेड कार्डे टेप ड्राइव्हसाठी बनवलेली नसतात.

आता सफाईच्या दिव्याकडे वळू, कारण तुमच्या पत्रातील सर्वांत बोलका भाग तोच आहे. क्लीनिंग टेप हेडवर घासून चालते. म्हणून ती ड्राइव्हने मागितल्यावरच वापरावी, सवय म्हणून नव्हे. तिचे आयुष्य ठरलेले असते, सर्वसाधारणपणे ५० वेळा, आणि त्यानंतर ड्राइव्ह ती नाकारतो. तुमची टेप संपलेली तर नाही, हे आधी पाहा. ती शिल्लक असूनही दिवा लगेच परत लागत असेल तर मुख्यतः दोन शक्यता उरतात : हेड झिजले आहे, किंवा संचातील एखादी टेप चुरा सोडून हेड पुन्हा पुन्हा माखते आहे. दुसरी शक्यता तपासण्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. टेपांना क्रमांक द्या आणि दिवा लागला त्या रात्री कोणती टेप आत होती ते वहीत लिहा. दर वेळी तोच क्रमांक येत असेल तर ती टेप कायमची बाजूला काढा. मार्केट यार्डात हळदीच्या हंगामात हवेत बारीक धूळ असते. तेव्हा ड्राइव्हची खोली बंद ठेवावी आणि पंख्याच्या जाळ्या बाहेरून पुसाव्यात. पंपाने ड्राइव्हमध्ये हवा मात्र मारू नये, कारण त्याने धूळ हेडकडेच ढकलली जाते.

ड्राइव्ह स्वतःच्या तक्रारी सांगतही असतो. टेपअलर्ट या ड्राइव्हच्या इशारा-व्यवस्थेत ६४ इशारे आहेत : ४ क्रमांकाचा टेपबद्दल, २० चा तातडीच्या सफाईबद्दल, २२ चा क्लीनिंग टेप संपल्याबद्दल, ३० आणि ३१ हे हार्डवेअरच्या बिघाडाबद्दल. उत्पादकांच्या निदान-सॉफ्टवेअरमध्ये हे इशारे वाचता येतात. आयबीएमच्या एलटीओ ड्राइव्हवर एकाक्षरी खिडकी असते. तिच्यात ५ आले तर ड्राइव्हचा दोष, ७ आले तर बहुधा टेपचा, आणि ६ आले तर दोहोंपैकी एकाचा, म्हणजे पुन्हा अदलाबदल करूनच ठरवावे लागते.

याहूनही आधी दिसणारे एक लक्षण मला फार महत्त्वाचे वाटते. एलटीओ ड्राइव्ह लिहिलेला मजकूर लगेच मागच्या हेडने वाचून पाहतो आणि चुकलेला भाग पुढे पुन्हा लिहितो. हेड दुबळे झाले की हे पुनर्लेखन वाढते, आणि ८०० जीबीची टेप त्याआधीच 'भरली' असे दाखवू लागते. आधीच संकुचित केलेल्या फाइलींवर ही घट स्पष्ट दिसते. कोऱ्या टेपवरही असे होत असेल, तर हा ड्राइव्ह लेखनाच्या कामातून निवृत्त करण्याची वेळ आली आहे.

न वाचली जाणारी जुनी टेप हातात घेऊन तिचे दार सरकवा आणि आतली धातूची लीडर पिन (टेपच्या टोकाला लावलेली, ड्राइव्ह जिला धरून टेप ओढतो ती पिन) जागेवर आहे का पाहा. हलवाहलवीत टेप खाली पडली असेल तर ही पिन निसटते, आणि मग ड्राइव्हला टेप ओढून घेता येत नाही. निसटलेल्या पिनेसह टेप आत घातल्यास ती अडकण्याची भीती असते. अडकलेली टेप काढताना बटण दाबून काही मिनिटे थांबावे. तिला मागे गुंडाळायलाच तेवढा वेळ लागतो. स्क्रू-ड्रायव्हरने उचकटू नये.

नवीन ड्राइव्हच्या सल्ल्याबाबत मी सावध आहे. एलटीओ-७ पर्यंतच्या ड्राइव्हना मागच्या दोन पिढ्या वाचता येतात, एलटीओ-८ ला फक्त एक. म्हणजे तुमच्या एलटीओ-४ टेपा वाचू शकणारी शेवटची पिढी एलटीओ-६ आहे. सर्वांत नवीन ड्राइव्ह घेतल्यास रोजचा बॅकअप सुरळीत होईल, पण जुन्या टेपा कपाटात मुक्या होतील. म्हणून आधी चांगल्या स्थितीतला एलटीओ-५ किंवा एलटीओ-६ ड्राइव्ह मिळवून जुन्या टेपा डिस्कवर उतरवून घ्या, आणि मगच पुढची खरेदी ठरवा. बॅकअप कूटबद्ध केलेला असेल तर त्याच्या किल्ल्याही आत्ताच शोधून ठेवा, कारण त्यांच्याविना उत्तम ड्राइव्हही निरुपयोगी ठरेल.

प्रश्न : आमच्या शाळेत पावसाळाभर दमटपणा असतो. टेपा कशा ठेवाव्यात?
— पाचगणी, जि. सातारा

उत्तर : डबीत घालून, पुस्तकासारख्या उभ्या ठेवाव्यात. दीर्घकाळ जतन करण्यासाठी १६ ते २५ अंश सेल्सिअस तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता योग्य असते. तुमच्याकडे पावसाळ्यात ती राखायची तर हवाबंद पेटीत सिलिका जेल ठेवून ते वेळोवेळी वाळवावे लागेल, आणि पेटीत छोटा आर्द्रतामापकही ठेवावा. पेटीतून काढलेली टेप लगेच ड्राइव्हमध्ये न घालता २४ तास ड्राइव्हच्याच खोलीत राहू द्यावी.