कायद्याचा सल्ला : कोठडी, कबुली आणि न वाचता येणारा कागद

पोलीस कोठडीबद्दलची पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे आणि पोलीस स्टेशनांची नावे गाळली आहेत. १ जुलै २०२४ पासून फौजदारी कायदे आणि कलमांचे आकडे बदलले, पण अनेकांच्या तोंडी अजून जुनेच आकडे आहेत, म्हणून गरज पडेल तिथे दोन्ही दिले आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेला खाली नुसते ‘संहिता’ म्हटले आहे.

प्रश्न (निपाणी) : धाकट्या भावाला रात्री साडेअकराला साध्या कपड्यातल्या चौघांनी ‘साहेबांनी बोलावलंय’ म्हणून नेलं. स्टेशनात विचारलं तर ‘आमच्याकडं नाही’ म्हणतात. आज तिसरा दिवस. अटक दाखवली की बघू, असं एक जण सांगतो. थांबायचं का?

उत्तर : थांबू नका. सर्वाधिक धोका याच काळात असतो, कारण अटक दाखवेपर्यंत माणूस कुठल्याच रजिस्टरात नसतो आणि जे रजिस्टरात नाही त्याचा जाब कुणाला विचारायचा, हा प्रश्न उरतो. संविधानाचे कलम २२ आणि संहितेचे कलम ५८ यांनुसार, प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत भावाला मॅजिस्ट्रेटपुढे उभे करायलाच हवे. हे तास कागदावरच्या अटकेपासून नव्हे, प्रत्यक्ष उचलल्यापासून मोजा, असे कोर्टाला सांगायचे आहे. त्यासाठी उचलल्याची वेळ दाखवणारा पुरावा तुमच्या हातात हवा आणि तो आजच तयार व्हायला हवा.

पहिल्यांदा ११२ ला फोन करा. फोन केल्याची वेळ त्यांच्याकडे नोंदली जाते, नंतर ती कुणाला खोडता येत नाही. मग जिल्हा पोलीस अधीक्षकांना (बेळगाव शहर असेल तर पोलीस आयुक्तांना) ईमेल आणि स्पीड पोस्ट, दोन्ही करा. त्याची प्रत तुमच्या हद्दीच्या मॅजिस्ट्रेट कोर्टाला आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला पाठवा. मजकूर दहा ओळींचा पुरे : नाव, वय, अंगावरचे कपडे, नेल्याची वेळ आणि जागा, गाडीचा रंग व नंबर, कुणी पाहिले, भावाला कोणता आजार आहे आणि कोणती गोळी चालू आहे. तो निर्दोष आहे, त्याला कुणी अडकवलेय, हे यात लिहीत बसू नका. ते पुढे लिहायला वेळ आहे. शेजारच्या दुकानात कॅमेरा असेल तर आजच पेनड्राइव्हवर उतरवून घ्या, कारण थोड्याच दिवसांत जुन्यावर नवे रेकॉर्डिंग चढते.

संहितेच्या कलम ३७ प्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात आणि प्रत्येक स्टेशनात अटक झालेल्यांची माहिती ठेवणारा एक ठरलेला अधिकारी असतो आणि ती यादी लोकांना दिसेल अशी लावायची असते. त्या अधिकाऱ्याचे नाव विचारा. ‘नाही’ हे उत्तर लेखी मागा. देणार नाहीत, पण मागितल्याचा मेल तुमच्याकडे राहतो.

वकिलाचे पैसे नसतील तर १५१०० वर विधी सेवा प्राधिकरणाला फोन करा. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. एवढे करूनही पत्ता लागला नाही तर कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात हेबियस कॉर्पस (डांबलेल्या माणसाला कोर्टापुढे हजर करा, असा आदेश मागणारी याचिका) दाखल करायची. वरच्या मेलच्या प्रती हाच त्या अर्जाचा पाया. भावाला कागल किंवा चंदगडच्या हद्दीतून उचलले असेल तर तोच मेल कोल्हापूरच्या पोलीस अधीक्षकांनाही करा, नाहीतर ‘आमची हद्द नव्हे’ म्हणण्यातच दोन्हीकडचा वेळ जाईल.

प्रश्न (खानापूर तालुका) : मेव्हण्याकडून सात-आठ कागदांवर सह्या घेतल्या, सगळे कन्नडमध्ये. तो मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकला. कन्नड बोलतो थोडंफार, वाचता येत नाही. दोन कागद कोरे होते म्हणतो. आता काही करता येतं का?

उत्तर : येते, पण लवकर करायला हवे. सीमाभागात हा प्रश्न इतर कुठल्याही भागापेक्षा जास्त गंभीर आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

आधी कुठला कागद कशाचा ते बघू. अटकेच्या मेमोवर सही करावी लागते. कलम ३६ प्रमाणे त्यावर घरच्या किंवा गल्लीतल्या एका तरी प्रतिष्ठित साक्षीदाराची सही हवी, शिवाय अटक झालेल्याची. सही करण्याआधी तारीख आणि वेळ एवढेच बघा. आकडे सगळ्यांना वाचता येतात आणि घोळ बहुधा तिथेच असतो : उचलले सोमवारी रात्री, मेमोवर बुधवार सकाळ. झडती-जप्तीच्या पंचनाम्याची प्रत मागा. कलम १०५ प्रमाणे आता त्याचे व्हिडिओ चित्रण करून ते मॅजिस्ट्रेटकडे पाठवायचे असते. ‘जबाब’ मात्र वेगळा. पोलिसांनी तपासात नोंदवलेल्या जबाबावर सही घ्यायलाच मनाई आहे (कलम १८१, जुने १६२). ‘जबाबावर सही कर आणि घरी जा’ असे कुणी म्हणाले, तर ती सही कायद्याने मागता येत नाही. कोऱ्या कागदावर तर कोणत्याही परिस्थितीत नाही.

अटकेची कारणे हा आणखी एक कागद. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबईतल्या वरळी अपघात प्रकरणातून गेलेल्या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की गुन्हा कोणताही असो, अटकेची कारणे लेखी द्यायची आणि अटक झालेल्याला समजते त्या भाषेत द्यायची. जागेवर लेखी देणे शक्यच नसेल तर तोंडी सांगावे, पण रिमांडसाठी (कोठडीची परवानगी मागायला मॅजिस्ट्रेटपुढे) उभे करण्याच्या किमान दोन तास आधी कागद हातात पडला पाहिजे. नाहीतर अटक आणि रिमांड दोन्ही बेकायदा. मेव्हण्याला फक्त कन्नड कागद दिला असेल तर वकिलाने पहिल्या रिमांडलाच हा मुद्दा लेखी घ्यावा. इथे वकीलही पुष्कळदा ‘जामिनाच्या वेळी बघू’ म्हणून सोडून देतात. तसे होऊ देऊ नका.

मार टाळण्यासाठी सही करावीच लागली, तर सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात मराठीत एक ओळ लिहावी : ‘कागद कन्नडमध्ये आहे, मला वाचता येत नाही, वाचून दाखवला नाही’, खाली तारीख आणि वेळ. तेही लिहू देत नसतील तर नेहमीची कन्नड किंवा इंग्रजी सही न करता मराठीत पूर्ण नाव लिहावे. आतला सगळा मजकूर कन्नड आणि खाली देवनागरी नाव, हे उलटतपासणीत उपयोगी पडते : हा मजकूर वाचून कुणी दाखवला, त्याला मराठी येते का, त्याची सही कुठे आहे?

मेव्हण्याच्या सह्या तर होऊन गेल्यात. तेव्हा मॅजिस्ट्रेटपुढे पहिल्यांदा उभे करतील त्या मिनिटाला त्याने बोलायला हवे. ते मिनिट फार घाईचे असते, मागे तेच पोलीस उभे असतात. म्हणून दोन वाक्ये पाठ असू द्या : ‘ननगे कन्नड ओदलु बरुवुदिल्ल’ (मला कन्नड वाचता येत नाही) आणि ‘पोलीसरु होडेदिद्दारे’ (पोलिसांनी मारलंय). मराठीत बोलला तरी हरकत नाही, पण ते नोंदवून घ्या असे वकिलाने म्हटले पाहिजे. ती संधी गेली असेल तर हिंडलग्याच्या तुरुंगातून अधीक्षकांमार्फत कोर्टाला मराठीत अर्ज पाठवता येतो. किती कागद, कुठल्या दिवशी, कोरे किती, खोलीत कोण होते, हे सगळे त्यात लिहावे. कबुली मागे घ्यायला जितका उशीर, तितके सरकारी वकील ‘हे नंतर सुचलं’ म्हणणार. खटला चालू झाल्यावर साक्षी त्याला समजेल त्या भाषेत सांगणे कोर्टावर बंधनकारक आहे (कलम ३१४). न मागता ते क्वचितच मिळते, म्हणून मागा.

प्रश्न (शहापूर, बेळगाव) : पेपरात ‘आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली’ म्हणून फोटोसकट आलं. विहिरीतून कोयताही काढून दिला म्हणे. आता सुटण्याची आशा सोडावी का?

उत्तर : पोलिसांपुढच्या कबुलीला कोर्टात किंमत नाही. भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम २३ (जुनी २५, २६, २७) ती पुराव्यात घेऊच देत नाही. पेपरातल्या बातमीचे तर नावच नको.

अपवाद एक, आणि खोट्या खटल्यांचा सगळा भार त्यावरच येतो : आरोपीने सांगितले म्हणून वस्तू सापडली, तर तेवढ्याच भागापुरते त्याचे बोलणे चालते. म्हणून कोयता ‘सापडतो’. यातला कच्चा दुवा कुठे बघायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये कर्नाटकातल्याच सुब्रमण्य खटल्यात सांगितले. पंच आधी स्टेशनात बोलवायचे, त्यांच्यासमोर आरोपीने स्वतःच्या शब्दांत सांगायचे, तेच शब्द पंचनाम्याच्या पहिल्या भागात उतरवायचे आणि मग जागेवर जायचे. तेव्हा पंचनाम्याची प्रत काढून बघा. मराठीच बोलणाऱ्या माणसाच्या तोंडी शुद्ध पुस्तकी कन्नड आहे का? ‘मी लपवलेली जागा दाखवतो’ हे एकच ठरावीक वाक्य आहे का? पंच थेट विहिरीवर आले का? ते याआधीही त्याच स्टेशनचे पंच होते का? विहीर सगळ्या गावाला खुली आहे का?

मॅजिस्ट्रेटपुढच्या कबुलीचे (कलम १८३, जुने १६४) वजन मोठे असते. तिथे मॅजिस्ट्रेटने आधी सांगायचे असते की कबुली देणे बंधनकारक नाही आणि दिली तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाईल. विचार करायला साधारण २४ तास द्यावेत, असे १९५७ पासून सर्वोच्च न्यायालय सांगत आले आहे. घरच्यांनी आणि आरोपीने लक्षात ठेवायची गोष्ट अशी : ‘मला कबुली द्यायची नाही’ असे तिथे म्हटले, तर त्या माणसाला पुन्हा पोलीस कोठडीत पाठवता येत नाही. कायद्यातच तसे लिहिले आहे. ‘नाही म्हणालास तर परत आमच्याकडेच येणार’ ही धमकी खोटी आहे.

संघटित गुन्हेगारीचे कायदे मात्र वेगळे. महाराष्ट्राचा मकोका आणि कर्नाटकाचा २००० सालचा त्याच धर्तीचा कायदा यांत पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची कबुली चालते. तिचे काय होऊ शकते ते मुंबईच्या २००६ च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यात दिसले. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने १२ जणांना निर्दोष सोडले. वेगवेगळ्या आरोपींच्या कबुल्यांतला मजकूर बऱ्याच ठिकाणी सारखाच निघाला आणि मारहाणीचा आरोपही न्यायालयाने ग्राह्य धरला. सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल दुसऱ्या खटल्यांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवले नाही.

आणि कबुली दिली म्हणजे केलेच असेल, असे घरच्यांनीही धरून चालू नये. झोपू न देणे, बायकोला-आईला स्टेशनात आणून बसवणे, ‘एवढं म्हण, जामीन लगेच’ हे आश्वासन, यांपुढे निर्दोष माणूसही होकार देतो. कोडगू जिल्ह्यातल्या एका आदिवासी माणसावर बायकोच्या खुनाचा खटला चालला, त्याने तुरुंगात दीड वर्षाहून अधिक काढले. एप्रिल २०२५ मध्ये तीच बायको मडिकेरीत जिवंत सापडली.

प्रश्न (चिक्कोडी) : डॉक्टरांनी ‘जखमा नाहीत’ लिहिलं, पण चुलत्यांना पाय टेकवता येत नव्हता.

उत्तर : तळपायावर मारले तर वरून फारसे दिसत नाही. चालता न येणे, टाचेत आणि पोटरीत कळ, बूट न चढणे हीच लक्षणे. ती डॉक्टरला शब्दांत सांगावी लागतात. कलम ५३ प्रमाणे अटकेनंतर लगेच तपासणी आणि त्याची प्रत आरोपीला किंवा त्याने सुचवलेल्या माणसाला. डी. के. बसू खटल्यातल्या निर्देशांप्रमाणे कोठडीत दर ४८ तासांनी पुन्हा तपासणी. तपासताना पोलीस आत थांबले तर माणूस ‘पडलो’ म्हणतो, म्हणून ते बाहेर थांबावेत अशी विनंती मॅजिस्ट्रेटकडे लेखी करा.

दुसऱ्यांदा तपासणी मागायची तर आजच मागा. मुका मार सुरुवातीला लाल, मग निळा-जांभळा, पाच-सहा दिवसांनी हिरवट, आठवड्यानंतर पिवळा होतो आणि दोन आठवड्यांत बहुतेक पुसला जातो. अहवालात प्रत्येक वळाची लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये, रंग आणि शरीरावरची नेमकी जागा हवी. नुसते ‘किरकोळ मार’ चालणार नाही. फोटो काढताना शेजारी मोजपट्टी धरा.

एक धोक्याची खूण : खूप मार लागल्यावर लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली किंवा कमी झाली, तर चिरडलेल्या स्नायूंतले द्रव्य मूत्रपिंडात अडकतेय. हा जिवावरचा प्रसंग आहे. त्याच तासाला सरकारी दवाखान्यात नेण्याची मागणी करा आणि क्रिएटिनिन व सीपीके या रक्ततपासण्या मागा.

स्टेशनातले सीसीटीव्ही विसरू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०२०च्या निकालाप्रमाणे लॉकअप, व्हरांडा, इन्स्पेक्टरची खोली, सगळीकडे आवाजासह कॅमेरे हवेत आणि चित्रण १८ महिने, अगदीच शक्य नसेल तर निदान एक वर्ष ठेवायला हवे. तारीख आणि वेळ देऊन ‘हे जपून ठेवा’ असा अर्ज कोर्टात करा.

तक्रार राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे मराठीतही करता येते. फी नाही, मुदत घटनेपासून एक वर्ष. कबुलीसाठी मारहाण हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२० खाली सात वर्षांपर्यंत, गंभीर दुखापत असेल तर दहा वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. अडचण एकच आणि मोठी : कर्नाटक पोलीस कायद्याचे कलम १७०. कर्तव्याच्या ओघात मर्यादा ओलांडली असली तरी पोलिसावर खटला भरायला सरकारची पूर्वपरवानगी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटले. म्हणून फिर्यादीत ‘चौकशीत मारले’ एवढेच न लिहिता, अटक न दाखवता डांबले, पैसे मागितले, खोटी वेळ लिहिली, असे जे जे कर्तव्यात बसूच शकत नाही ते खरे असेल तर ठळक लिहा.

प्रश्न (गोकाक) : नार्कोला ‘नाही’ म्हटलं तर दोषी धरतात का?

उत्तर : नाही. सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य (२०१०) : संमतीशिवाय नार्को (गुंगीचे औषध देऊन चौकशी), पॉलिग्राफ (खोटे पकडण्याचे यंत्र), ब्रेन मॅपिंग (मेंदूच्या लहरींची चाचणी) करता येत नाही. संमती घ्यायची तर वकिलासमोर आणि मॅजिस्ट्रेटपुढे नोंदवून.

प्रश्न (अथणी) : चार वर्षांनी मुलगा निर्दोष सुटला. शेत गेलं, नोकरी गेली. भरपाई कुठं मागायची?

उत्तर : चुकीच्या खटल्याबद्दल हक्काने भरपाई देणारा कायदा देशात नाही. विधी आयोगाने २०१८ मध्ये २७७व्या अहवालात तो करा म्हणून सांगितले, तो अजून झालेला नाही. विनाकारण अटक करायला लावल्याबद्दल मॅजिस्ट्रेट देऊ शकतात ती रक्कम कमाल एक हजार रुपये आहे. चार वर्षांपुढे ही रक्कम अपमानास्पद आहे.

उरतात दोन वाटा. धारवाड खंडपीठात संविधानाच्या कलम २२६ खाली रिट (मूलभूत हक्क मोडल्याबद्दल थेट उच्च न्यायालयात याचिका), किंवा दिवाणी कोर्टात द्वेषमूलक (आकसाने, आधार नसताना भरलेल्या) खटल्याबद्दल दावा. दाव्याची मुदत सुटल्यापासून फक्त एक वर्ष आहे, आणि ती बहुतेकांची निघून जाते. किती मिळते? नाशिक जिल्ह्यातल्या २००३ च्या दरोडा-खून खटल्यात भटक्या जमातीतल्या सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली गेली होती. साक्षीदाराने पोलिसांच्या फोटो अल्बममधून वेगळेच चौघे ओळखले होते, तो धागा तपासलाच गेला नव्हता. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष ठरवून प्रत्येकी पाच लाख दिले. वर सांगितलेल्या कोडगूच्या माणसाला म्हैसूरच्या कोर्टाने एक लाख देवविले.

निकालाची प्रमाणित प्रत आजच मागा. ती कन्नडमध्ये असेल तर मराठी भाषांतर करून घ्या आणि ‘संशयाचा फायदा’ लिहिलेय की ‘पुरावाच नाही’, ते शोधा. रिटचा जोर त्या शब्दांवर ठरतो. तुरुंगातले दिवस मोजून प्रवेश-सुटकेचा दाखला हिंडलगा तुरुंगातून घ्या. गेलेल्या पगाराच्या स्लिपा, शेत गहाण ठेवल्याचा उतारा, वकिलांना दिलेल्या पैशांच्या पावत्या जोडा. पावती नसेल तर बँकेचे खातेपान चालते. हे सगळे घेऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. सुटका कोणत्या तारखेला झाली, ते तिथे पहिल्याच वाक्यात सांगा.