नार्ल्स बार्कली: ‘क्रेझी’च्या आधीची दहा वर्षे

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. नार्ल्स बार्कली ही अमेरिकी जोडी ‘क्रेझी’ या एकाच गाण्यावर रातोरात मोठी झाली हे खरे आहे का, आणि त्यांच्या संगीताला सोल (चर्चमधल्या गायनातून आलेले कृष्णवर्णीय अमेरिकनांचे भावपूर्ण गाणे) म्हणायचे की हिप-हॉप (ठेक्यावर शब्द म्हणण्याचे, म्हणजे रॅपचे संगीत)? पहिल्या प्रश्नाचा उलगडा नीट झाला की दुसऱ्याचे उत्तर फारसे अवघड राहत नाही, असे मला वाटते. २००६ साली ‘क्रेझी’ जगभर वाजू लागले, तेव्हा या जोडीतला गायक सीलो ग्रीन दहा वर्षांहून अधिक काळ या व्यवसायात मुरलेला होता, आणि संगीत रचणारा डेंजर माउस, म्हणजे ब्रायन बर्टन, एका गाजलेल्या कायदेशीर वादातून बाहेर पडलेला होता. दोघांच्याही गुणवत्तेविषयी जाणकारांत शंका नव्हती. अडचण एवढीच होती की अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांना आणि रेडिओ केंद्रांना त्यांना कोणत्या रकान्यात बसवावे हे कळत नव्हते.

सीलो ग्रीन, मूळ नाव थॉमस कॅलवे, हा जॉर्जिया राज्यातल्या अटलांटा शहराचा. त्याचे आईवडील दोघेही चर्चमध्ये धर्मोपदेशक होते. वडील तो दोन वर्षांचा असताना वारले आणि तो अठरा वर्षांचा असताना आईही गेली. त्याच्या आवाजातला आर्त टाहो चर्चमधल्या गाण्यातूनच आलेला आहे, आणि तो त्याने रॅप करतानाही कधी लपवला नाही. नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धात अटलांटातल्या एका घराच्या तळघरात काही तरुण संगीतकार जमत असत. ऑर्गनाइज्ड नॉईझ हा तिघा संगीतरचनाकारांचा चमू, आउटकास्ट ही जोडी आणि गुडी मॉब हा चौघांचा गट या सगळ्यांची जडणघडण तेथेच झाली, आणि त्या तळघरामुळेच या गोतावळ्याला डंजन (म्हणजे तळघरातली कोठडी) फॅमिली असे नाव पडले. सीलो हा गुडी मॉबचा सदस्य होता.

या तळघराचे महत्त्व मी मुद्दाम सांगतो, कारण सोल आणि हिप-हॉप यांचे जे मिश्रण पुढे नार्ल्स बार्कलीच्या नावावर जमा झाले, त्याची मुळे मला तेथे दिसतात. न्यूयॉर्कचे हिप-हॉप त्या काळी प्रामुख्याने जुन्या तबकड्यांचे तुकडे जोडून उभे राहत होते; ऑर्गनाइज्ड नॉईझ मात्र खरे गिटार, खरा बास आणि खरा ऑर्गन वापरत असे, आणि त्यामुळे त्यांच्या बीटला दक्षिणेकडच्या चर्चचा आणि जुन्या सोल गाण्यांचा सहज वास येत असे. ऑगस्ट १९९५ मध्ये न्यूयॉर्कमधल्या सोर्स या हिप-हॉप पुरस्कारांच्या सोहळ्यात आउटकास्टला पारितोषिक मिळाले, तेव्हा सभागृहातून हुर्यो उडवली गेली, आणि त्या जोडीतल्या आंद्रेने व्यासपीठावरून दक्षिणेलाही काही सांगायचे आहे असे ठणकावले. त्याच वर्षी गुडी मॉबचा पहिला अल्बम ‘सोल फूड’ आला. त्याची सुरुवात रॅपने होत नाही; सीलो ‘फ्री’ नावाची एक छोटी, प्रार्थनेसारखी रचना गातो आणि मग बाकीचे गडी येतात. हिप-हॉपचा अल्बम गाण्याने सुरू करण्याचे हे धाडस त्या वेळी लहान नव्हते.

पुढे गुडी मॉबचा सूर बदलला, सीलो गटातून बाहेर पडला आणि २००२ व २००४ साली त्याचे दोन स्वतंत्र अल्बम निघाले. त्यात रॅप आहे, गॉस्पेल म्हणजे चर्चमधले भक्तिसंगीत आहे, फंक आहे, मध्येच रॉकही आहे. समीक्षकांनी कौतुक केले, पण खप बेताचाच राहिला. गंमत अशी की त्याच सुमारास त्याने लिहिलेले ‘डोन्ट चा’ हे गाणे पुसीकॅट डॉल्स या मुलींच्या गटाने २००५ मध्ये गायले आणि ते ब्रिटनमध्ये पहिल्या व अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकावर गेले. म्हणजे लोकांना आवडेल असे गाणे तो लिहू शकत होता. त्याच्या स्वतःच्या नावाने ते विकता मात्र येत नव्हते.

डेंजर माउसची वाट निराळी. जन्म न्यूयॉर्क राज्यातला, किशोरवयात कुटुंब अटलांटाजवळच्या स्टोन माउंटन येथे आले, आणि महाविद्यालयीन शिक्षण अथेन्स गावातल्या जॉर्जिया विद्यापीठात झाले. हे अथेन्स रॉक संगीतासाठी प्रसिद्ध. आरईएम आणि बी-५२’ज हे गट तेथलेच. म्हणजे एका बाजूला अटलांटाचे हिप-हॉप आणि दुसऱ्या बाजूला गोऱ्या विद्यार्थ्यांचे गिटारवाले संगीत, अशा दोन जगांच्या सीमेवर हा कृष्णवर्णीय मुलगा उभा होता. तो स्वभावाने इतका लाजाळू होता की सुरुवातीच्या कार्यक्रमांत चेहरा दिसू नये म्हणून उंदराचा पोशाख घालून वाजवत असे. एका ब्रिटिश कार्टून मालिकेवरून घेतलेले नावही त्याच काळातले. सीलोची आणि त्याची पहिली भेट याच अथेन्समध्ये, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, एका कार्यक्रमाच्या निमित्ताने झाली आणि त्याने आपल्या रचनांची ध्वनिफीत सीलोच्या हाती दिली. त्यातून लगेच काही निघाले नाही.

त्याचे नाव झाले ते २००४ साली, आणि तेही एका बेकायदा अल्बममुळे. रॅपर जे-झी याच्या ‘ब्लॅक अल्बम’ची नुसत्या आवाजाची, वाद्यांशिवायची आवृत्ती उपलब्ध होती. डेंजर माउसने तो आवाज घेतला आणि त्याखालचे सगळे संगीत बीटल्सच्या १९६८ सालच्या ‘व्हाइट अल्बम’मधून कापून, चिरून, पुन्हा रचून तयार केले. काळा अधिक पांढरा म्हणून ‘ग्रे अल्बम’. बीटल्सच्या ध्वनिमुद्रणांचे हक्क ईएमआय या रेकॉर्ड कंपनीकडे होते आणि त्यांनी वितरण थांबवण्याची नोटीस बजावली. त्याच्या निषेधार्थ २४ फेब्रुवारी २००४ रोजी शंभराहून अधिक संकेतस्थळांनी तो अल्बम एकाच दिवशी डाउनलोडसाठी खुला ठेवला. हक्कांचा प्रश्न बाजूला ठेवून केवळ कानाने ऐकले, तर त्या अल्बममध्ये एक गोष्ट स्पष्ट होते: या माणसाला जुन्या ध्वनिमुद्रणाच्या तुकड्यातला ठेका ऐकू येतोच, पण त्याहून अधिक त्यातले वातावरण ऐकू येते. पुढच्याच वर्षी गोरिलाझ या ब्रिटिश गटाचा ‘डीमन डेज’ हा अल्बम त्याच्या हातून घडला आणि कंपन्यांचे दरवाजे उघडले.

सीलोशी मधल्या काळात पुन्हा गाठ पडली होतीच. २००३ च्या आसपास दोघे अधूनमधून एकत्र बसू लागले, आणि कोणत्याही मोठ्या कंपनीशी आधी करार न करता, सावकाश, गाणी साठवत गेले. नावही थट्टेतून आले: बास्केटबॉलपटू चार्ल्स बार्कलीच्या नावाची मोडतोड.

‘क्रेझी’ची घडण या पार्श्वभूमीवर पाहावी. १९६८ साली इटलीत ‘प्रेपाराती ला बारा’ नावाचा काउबॉय चित्रपट निघाला होता, आणि त्याचे पार्श्वसंगीत जान फ्रांको आणि जान पिएरो रेव्हर्बेरी यांचे होते. डेंजर माउसला अशा इटालियन चित्रपटसंगीताचे वेडच आहे. त्या पार्श्वसंगीतातल्या एका तुकड्यातली बासची चाल आणि मागचा समूहस्वर त्याने उचलला, त्याखाली कोरडा, सरळ ड्रमचा ठेका घातला, आणि बाकी जवळजवळ काहीच केले नाही. ‘क्रेझी’च्या श्रेयनामावलीत त्या दोघा इटालियनांची नावे गीतकार-संगीतकार म्हणून रीतसर आहेत. ‘ग्रे अल्बम’नंतर हा धडा घेतला गेला असावा, असा माझा आपला तर्क.

शब्दांचे बीज गप्पांतून पडले. कलावंत थोडासा वेडा असल्याखेरीज लोक त्याला गांभीर्याने घेत नाहीत, या विषयावर दोघे बोलत होते. सीलोने त्यावरच लिहिले आणि एकाच दमात गाऊन टाकले, असे डेंजर माउसने सांगितले आहे. ऐकताना ते पटते. कडव्यांत आवाज खालच्या पट्टीत, जवळजवळ बोलल्यासारखा आहे. ध्रुपदाला तो एकदम वरच्या, बारीक आवाजात चढतो, आणि नेमका त्याच जागी मागून व्हायोलिनांचा थर उचलला जातो. गाणे तीन मिनिटांच्या आत संपते. त्यात रॅपची एकही ओळ नाही, तरीही बांधणी हिप-हॉपचीच आहे: एक फिरता तुकडा, एक ठेका आणि त्यावर माणसाचा आवाज.

आता ‘रातोरात’ या भागाकडे येतो. गाणे २००५ च्या अखेरीस बाहेर फुटले आणि बीबीसी रेडिओ १ वर वाजू लागले. ब्रिटनच्या अधिकृत क्रमवारीत डाउनलोडची विक्री २००५ पासून मोजली जात होती, पण अट अशी होती की गाणे दुकानात सीडीच्या रूपानेही विक्रीला असले पाहिजे. मार्च २००६ मध्ये ती अट सैल झाली आणि सीडी येण्याच्या आधीच्या आठवड्यातले डाउनलोडही ग्राह्य धरले जाऊ लागले. ‘क्रेझी’ला नेमकी तीच फट सापडली. एप्रिल २००६ च्या आरंभी, सुमारे ३१,००० डाउनलोडच्या बळावर, दुकानात एकही सीडी नसताना ते पहिल्या क्रमांकावर आले. केवळ डाउनलोडवर ब्रिटनमध्ये अव्वल ठरलेले ते पहिले गाणे. तेथे ते नऊ आठवडे टिकले, जे त्याआधीच्या दहा वर्षांत कोणाला जमले नव्हते, आणि मग लोकांना त्याचा कंटाळा येऊ नये म्हणून या जोडीने स्वतःच सीडी बाजारातून काढून घेतली. त्या वर्षी ब्रिटनमध्ये सर्वाधिक खपलेले एकल गाणे तेच ठरले. गाण्याचा दर्जा आणि नियमबदलाचा मुहूर्त या दोहोंचा हा योग होता, आणि मुहूर्त हुकला असता तर बातमी इतकी मोठी झाली नसती, हे मान्य करायला हरकत नाही.

अमेरिकेत चढण सावकाश झाली. तेथील रेडिओ केंद्रे प्रकारवार विभागलेली असतात: कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठीची निराळी, गिटारच्या संगीताची निराळी, नुसत्या लोकप्रिय गाण्यांची निराळी. सीलोचे स्वतंत्र अल्बम याच भिंतींवर आदळले होते. ‘क्रेझी’ने मात्र हळूहळू सगळीकडे शिरकाव केला आणि बिलबोर्ड मासिकाच्या गाण्यांच्या मुख्य क्रमवारीत ते दुसऱ्या क्रमांकावर सात आठवडे राहिले. काही महिन्यांतच द रॅकॉन्टर्स या रॉक गटापासून रे लामोंटेनसारख्या लोकसंगीताच्या वळणाच्या गायकापर्यंत अनेकांनी ते आपापल्या कार्यक्रमांत गायले. मला हे पुरस्कारांहून बोलके वाटते, कारण प्रत्येकाला ते आपल्याच प्रकारातले गाणे वाटत होते.

वेषांतराविषयीही थोडे लिहायला हवे, कारण पुष्कळांनी ती केवळ जाहिरातबाजी मानली. ही जोडी स्वतःच्या रूपात छायाचित्रे देत नसे. चित्रपटांतल्या पात्रांचे कपडे घालूनच लोकांसमोर येई. २००६ च्या एमटीव्ही चित्रपट पुरस्कारांत सीलो ‘स्टार वॉर्स’मधला डार्थ व्हेडर होऊन गायला, आणि २००७ च्या ग्रॅमी या अमेरिकी संगीत पुरस्कारांच्या समारंभात वैमानिकांच्या गणवेशात त्यांनी ‘क्रेझी’ संथ करून वाद्यवृंदासह सादर केले. लाजाळू बर्टनची ती सोय होतीच, पण एक सुप्त लाभही झाला: कृष्णवर्णीय गायक आणि संगीतकार दिसले की लोक ऐकण्याआधीच जो प्रकार गृहीत धरतात, तो येथे धरता येईना.

ज्या अल्बममध्ये हे गाणे आहे, तो ‘सेंट एल्सवेअर’ एप्रिल-मे २००६ मध्ये आला. चौदा गाणी, चाळीस मिनिटांहून कमी वेळ, आणि एकंदर मनःस्थिती बरीच काळोखी. पहिलेच ‘गो-गो गॅजेट गॉस्पेल’ ब्रासच्या गोंगाटात धावते. ‘गॉन डॅडी गॉन’ हे व्हायोलंट फेम्स या रॉक गटाचे जुने गाणे आहे आणि ते जवळजवळ जसेच्या तसे घेतले आहे. ‘जस्ट अ थॉट’ आत्महत्येच्या विचाराला सरळ सामोरे जाते आणि माझ्या लेखी ते ‘क्रेझी’हून मोठे गाणे आहे. ‘फेंग शुई’सारखे दीड मिनिटाचे तुकडे मात्र मला आजही कच्चे वाटतात. ग्रॅमीने या अल्बमला सर्वोत्कृष्ट ‘ऑल्टरनेटिव्ह’, म्हणजे मुख्य प्रवाहाबाहेरच्या, अल्बमचा पुरस्कार दिला, आणि गाण्याला ‘अर्बन/ऑल्टरनेटिव्ह’ या जोडनावाच्या गटात. ना रॅपच्या गटात, ना आर अँड बी या सोलच्या जवळच्या प्रकाराच्या. परीक्षकांचीही पंचाईत झाली होती, असे म्हणता येईल.

तेव्हा आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर असे: गळा सोलचा, रचनेची पद्धत हिप-हॉपची, आणि गाण्यांची लांबी-रुंदी साठच्या दशकातल्या पॉपची. एकच शब्द हवा असेल तर मी सोल म्हणेन, कारण सीलोचा आवाज काढून घेतला तर उरते ते उत्तम पार्श्वसंगीत, पण डेंजर माउसचे संगीत काढून घेतले तरी गाणे उभे राहते. ग्रॅमीतल्या त्या संथ आवृत्तीने ते दाखवून दिले. दोन हजारच्या दशकातले सर्वोत्तम गाणे म्हणून रोलिंग स्टोन मासिकाने पुढे ‘क्रेझी’चीच निवड केली, पण ऐकायला सुरुवात तेथून करू नका. आधी गुडी मॉबचे ‘फ्री’ ऐका, मग ‘ग्रे अल्बम’मधली दोन-तीन गाणी, आणि त्यानंतर ‘सेंट एल्सवेअर’ सलग. २००८ सालचा ‘द ऑड कपल’ हा दुसरा अल्बम त्यानंतर घ्यावा. त्यात पहिल्याइतका चटकदारपणा नाही आणि तो तितका खपलाही नाही, परंतु ‘हूज गॉना सेव्ह माय सोल’ हे त्यातले गाणे सीलोच्या सर्वोत्तम गायनांपैकी आहे.