ब्रॉयलरच्या खाद्यात समुद्री शेवाळ: घालावे का, किती आणि कोणी?

दापोली-गुहागर पट्ट्यातल्या काही कुक्कुटपालकांनी विचारले आहे: "पावसाळ्यानंतर किनाऱ्यावर शेवाळ भरपूर येते. ते वाळवून ब्रॉयलरच्या खाद्यात घातले तर पक्ष्यांची प्रतिकारशक्ती वाढते असे ऐकले. घालावे का? आणि त्याने औषधांचा खर्च वाचेल का?" एका ताईंनी पुढे विचारले आहे की, पिकांवर फवारायचा शेवाळाचा अर्क घरात आहे, तो पिण्याच्या पाण्यातून दिला तर?

ताईंना आधी उत्तर देतो, कारण ते तातडीचे आहे. तो अर्क पक्ष्यांना देऊ नका. तो पिकांसाठी बनवलेला असतो आणि त्यात काय काय मिसळले आहे हे पक्ष्यांच्या दृष्टीने कोणी तपासलेले नसते. ज्याच्या पाकिटावर पशुखाद्य पूरक म्हणून स्पष्ट उल्लेख आहे, तेवढेच पक्ष्यांसाठी.

आता शेवाळाबद्दल. ऐकलेल्या गोष्टीत तथ्य आहे. तपकिरी शेवाळात फ्युकॉइडन आणि लॅमिनारिन, तर लाल शेवाळात कॅराजीनन अशी लांब साखळीची कर्बोदके असतात. कोंबडीच्या स्वतःच्या पाचकरसांना ती फोडता येत नाहीत. ती तशीच आतड्याच्या शेवटच्या भागात पोहोचतात, तिथले उपयुक्त जिवाणू ती आंबवतात आणि त्यातून तयार होणाऱ्या आम्लांवर आतड्याचे अस्तर पोसले जाते. पक्ष्याच्या प्रतिकारशक्तीचा मोठा भाग आतड्यातच असल्यामुळे त्याचा फायदा दिसू शकतो. तामिळनाडूत मंडपम-रामेश्वरमच्या किनाऱ्यावर बांबूच्या तराफ्यांवर कप्पाफायकस या लाल शेवाळाची शेती होते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयात ते ब्रॉयलरला खाऊ घालूनही पाहिले आहे.

पण हे पूरक आहे, खाद्य नव्हे. सोयाबीन पेंडीत ४४ ते ४८ टक्के प्रथिने असतात. आपल्याकडच्या फुगेवाल्या तपकिरी शेवाळात, म्हणजे सरगॅसममध्ये, ती साधारण १० टक्क्यांच्या आसपास, आणि वाळल्यावरच्या वजनाचा पाव भाग किंवा त्याहून जास्त नुसती राख, म्हणजे क्षार. पेंड कमी करून शेवाळ वाढवले तर वजन घटणारच.

खरी काळजी मिठाची. ब्रॉयलरच्या खाद्यात मीठ साधारण ०.३ टक्के, म्हणजे टनाला ३ किलोच्या आसपास असते. समजा तुमच्या वाळलेल्या शेवाळात ३ टक्के सोडियम आहे. १ टन खाद्यात १० किलो भुकटी घातली की ३०० ग्रॅम सोडियम वाढले, म्हणजे पाऊण किलो मीठ नकळत आत गेले. त्यात पोटॅशियमही भरपूर असते. पक्षी जास्त पाणी पितो, विष्ठा पातळ होते, पक्ष्यांखाली अंथरलेले भाताच्या तुसाचे लिटर ओले होते, शेडमध्ये अमोनियाचा वास चढतो आणि रक्ती हगवण डोके वर काढते. पक्षी सुधारावा म्हणून घातलेल्या वस्तूने असा आजार आणला तर फार वाईट वाटते. सोडियम फार वाढले तर पोटात पाणी होऊन मरतूकही होते. खाडीकाठच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात, काही जण खाद्यात सुक्या खारवलेल्या मासळीचा चुरा घालतात. अशा ठिकाणी शेवाळाचा विचारच करू नका. बाकीच्यांनी शेवाळ घालताना तेवढे मीठ मिश्रणातून कमी करावे.

दुसरी काळजी आयोडीन आणि जड धातूंची. ब्रॉयलरला किलोभर खाद्यात १ मिलिग्रॅमपेक्षाही कमी आयोडीन लागते आणि खनिज मिश्रणात ते आधीच असते. तपकिरी शेवाळ आयोडीन आणि आर्सेनिक दोन्ही समुद्रातून शोषून साठवते. म्हणून बंदर, नाल्याचे मुख, बोटी दुरुस्तीची जागा इथले शेवाळ घेऊच नये. कुठलेही शेवाळ वापरण्याआधी त्याच्या नमुन्यात सोडियम, आर्सेनिक, शिसे आणि कॅडमियम किती आहे ते प्रयोगशाळेत तपासून घ्या. वाळूवर पडून कुजू लागलेलेही नको. आणि खडकावरचे शेवाळ खरवडून काढू नका, त्यात मासळीची पिल्ले वाढतात. मालवणचा किनारा १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथे हात लावायचा नाही.

करार पद्धतीने पक्षी पाळणाऱ्यांसाठी उत्तर सोपे आहे: घालू नका. खाद्य कंपनीचे, हिशेब कंपनीचा. सुपरवायझरच्या लेखी संमतीशिवाय बाहेरची वस्तू घातली तर वाद होतो. शिवाय गोळी खाद्यात भुकटी मिसळत नाही, फीडरच्या तळाशी साचते.

स्वतः भरडा, म्हणजे धान्य आणि पेंड भरडून केलेले खाद्य, बनवणाऱ्यांनी, नमुना तपासणीत चांगला निघाल्यावर, करून पाहायला हरकत नाही. ताजे शेवाळ गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुवा, वाळू आणि शिंपल्या काढा, उंचावर बांधलेल्या जाळीवर सावलीत कडकडीत वाळवा, मग दळून चाळून घ्या. दमट भुकटीला बुरशी लागते आणि बुरशीचे विष शेवाळाच्या सगळ्या फायद्यावर पाणी फिरवते. पहिले १० दिवस पिल्लांना अजिबात देऊ नये; कोवळ्या आतड्यात ही चिकट कर्बोदके पचन अडवतात. ११व्या दिवसापासून अर्धा टक्का, सगळे ठीक दिसले तर १ टक्क्यापर्यंत, त्यापुढे नाही. भुकटी आधी १० किलो भरड्यात कालवावी आणि मग पूर्ण मिश्रणात टाकावी.

मेहनतीचा अंदाजही घ्या. १००० पक्ष्यांच्या लॉटला ११व्या दिवसापासून विक्रीपर्यंत १ टक्क्याने ३० किलोच्या वर कोरडी भुकटी लागते. ओल्या शेवाळात ८० ते ९० टक्के पाणीच असते, म्हणजे दीडशे ते तीनशे किलो किंवा त्याहून जास्त ओले शेवाळ धुवायचे आणि वाळवायचे.

म्हणून पहिल्यांदा पूर्ण लॉटवर नको. शेडमध्ये जाळी लावून एका वयाचे, एकाच हॅचरीचे शंभर-शंभर पक्षी वेगळे करा. एका बाजूला शेवाळ, दुसरीकडे नेहमीचे खाद्य. दर आठवड्याला दोन्हीकडचे वीस-वीस पक्षी तोला, खाद्य वजन करून टाका, लिटर मुठीत दाबून पाहा. गोळा होऊन तसाच राहिला तर लिटर ओले आहे, शेवाळ थांबवा. शेवटी खाल्लेल्या खाद्याला वाढलेल्या वजनाने भागा. शेवाळाच्या बाजूला हा आकडा कमी आला नाही तर पुढच्या लॉटला ते घालण्याचे कारण नाही.

औषधांच्या खर्चाबद्दल: लासोटा (मानमोडीवरची) आणि गंबोरो रोगाची अशा लसी ठरल्या दिवशी द्यायच्याच, मानमोडी शेवाळाने थांबत नाही. वाढीसाठी म्हणून प्रतिजैविके देत असाल तर ती मात्र आजच बंद करा. कोलिस्टिन हे प्रतिजैविक तर जुलै २०१९ पासून अन्न देणाऱ्या प्राण्यांना देण्यास देशात बंदीच आहे. पक्षी मलूल दिसले, मरतूक एकदम वाढली, तर शेवाळाचे प्रमाण वाढवत बसू नका. ताजा मेलेला पक्षी पिशवीत गुंडाळून, बर्फात ठेवून त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात शवविच्छेदनासाठी न्या. शेवाळ घालत होतात हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, आणि शेवाळ घातलेल्या खाद्याचा अर्धा किलो नमुनाही सोबत असू द्या.